पोपटचा अकरावा सेकंद

पोपट माझा विद्यार्थी. चौथीत तो वर्गात कमी बसला आणि बडबडीपायी वर्गाबाहेर जास्त उभा राहिला. तिथेही तो खांबाशी बोलायचा. आता पन्नाशीला आलाय, एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे आणि माझ्या शेजारी राहतो.

प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर त्यांना मऊ बिछाना लागतो, हे त्यानेच मला कुंपणावरून समजावलं. रक्तातल्या एका प्रथिनाच्या द्रावणात पेशी मिसळायच्या, त्यात थ्रॉम्बिन घालायचं. जखमेवर रक्त गोठवतं तेच हे एन्झाइम. मग दहा सेकंदांत सगळं वाटीत सोडायचं. अकराव्या सेकंदाला ते नळीतच गोठतं.

"बाई, अकरावा सेकंद मी फार वेळा पाहिलाय," तो म्हणाला.

पोपटचा हात इतका स्थिर, की थेंबही हलत नाही. पण थ्रॉम्बिन पडलं रे पडलं, की त्याला काहीतरी सांगायचं आठवतं. तिथे संशोधन करणाऱ्या मुलीचे हात भीतीने थरथरतात, म्हणून काम याच्याकडे. तिच्या पेशींच्या दोन कुप्या याच्या गोष्टींत गेल्या. तिसरी शेवटची, ती गेली की मुलीची तीन वर्षं पाण्यात.

"काका, फक्त दहा सेकंद गप्प राहा," ती त्याला म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत बोलू नका."

"त्यात काय मोठंसं? अगं, माझे सासरे एकदा..."

"काका."

पोपटच्या बायकोने हे मनावर घेतलं. आठवडाभर रोज सकाळी ती घड्याळ घेऊन समोर बसे. पहिल्या दिवशी चार सेकंद झाले.

"पाचव्याला काय झालं?"

"घड्याळ मागे पडलंय का, विचारत होतो."

तिसऱ्या कुपीच्या दिवशी संध्याकाळी तिने मला कुंपणावरून हाक मारली. "बाई, जरा येता? हे गप्प आहेत."

पोपट खुर्चीत बसलेला, ओठ घट्ट मिटलेले. कुपी गेली, आम्ही दोघी समजलो. बायकोने पाणी आणलं. मी म्हणाले, "अरे, बोल आता." चाळीस वर्षांत त्याला हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होते.

"गोठलं," तो म्हणाला. "वाटीतच. तिने वाटी उलटी धरली, तरी पडलं नाही."

"मग गप्प का?"

"ती म्हणाली होती ना, मी सांगेपर्यंत. पण ती रडायलाच लागली आणि सांगायचं विसरली. सकाळी अकरापासून, बाई."

मग तो बोलायला लागला. दिवे लागले, जेवणं झाली, तरी सासऱ्यांची गोष्ट संपेना. बायको मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला हाक मारायला मी उद्यापर्यंत थांबायला हवं होतं हो."