ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पलंगावर मेथी

बायांनो, उद्या सकाळी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन पक्कं झालं! पेढे वाटावेत इतका आनंद झालाय.

कारण दुपारीच सिस्टर म्हणाल्या होत्या, "बीपी उतरलं नाही तर ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल." त्यात भेटायला येणारा प्रत्येकजण आधी "घाबरू नको" म्हणायचा आणि लगेच कुणाचं तरी ऑपरेशन कसं बिघडलं ते सांगायचा.

तेवढ्यात पाचोडहून मोठ्या जाऊबाई आल्या. तब्येतीचं काही न विचारता त्यांनी पिशवीतली मेथी सरळ माझ्या पलंगावर ओतली. "रिकामी बसू नको. घे, निवडू लाग."

"अहो मावशी, हा दवाखाना आहे!" सिस्टर ओरडल्या.

"व्हय, म्हणून तर मी हळू बोलायले."

मग काय! मेथी निवडत निवडत आम्ही दोघींनी सासूबाईंच्या जुन्या गोष्टी काढल्या आणि पोटभर हसलो. संध्याकाळी बीपी उतरलं. गोळीनं उतरलं की मेथीनं, देव जाणे!

जाऊबाई गेल्यावर कचऱ्याच्या डब्यात बघते तर सगळी कोवळी पानं! काड्या तेवढ्या पिशवीत भरून त्या घरी घेऊन गेल्या.

आता तुम्हीच सांगा, त्यांचं बीपी कुणी तपासायचं?