लग्नाच्या खात्यातली पदवी

माझ्या पदवीची किंमत पहिल्यांदा ठरली ती आमच्या कानडी शहरात, चामराजपेटेत, माझ्या आत्याच्या घरी, चक्कुली आणि कॉफीच्या साक्षीने. ठरवणाऱ्या मंडळींत पाच शिंपी, दोन बँकेतले कारकून, एक निवृत्त मास्तर आणि बाकी सगळ्या बायका होत्या. रेडिओ स्टेशन आतून पाहिलेलं त्यांच्यात कुणीही नव्हतं. मी तरी कुठे पाहिलं होतं?

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. घराघरात केबल आली होती आणि दर दोन महिन्यांनी नवं चॅनल उगवत होतं. मी बी.कॉम. झाले होते आणि मला रेडिओ-टीव्हीचं शिक्षण देणारा दोन वर्षांचा एम.ए. करायचा होता. शेवटच्या सहामाहीत कंप्युटरवर चित्रफीत कापायला शिकवणार, असं कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलं होतं. एवढ्या एका ओळीवर मी भाळले होते. फी अठरा हजार, तीही एकरकमी. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिंपीकामाचं दुकान होतं. तिथे अठरा हजार एकदम दिसायचे ते फक्त चीटीच्या दिवशी.

चीटी म्हणजे भिशीच, पण आमच्याकडे तिचा लिलाव व्हायचा. वीस घरं दरमहा हजार रुपये घालत. ज्याला गरज असेल तो म्हणायचा, मी इतके कमी घेतो. दुसरा म्हणायचा, मी त्याहून कमी घेतो. जो सगळ्यात कमी घ्यायला तयार, त्याची चीटी, आणि सुटलेले पैसे बाकीच्यांत वाटले जात. फक्त लग्न, दवाखाना आणि मयत या तिन्हींसमोर कुणी बोली लावायची नाही, असा रिवाज होता. तिथे वीसच्या वीस हजार मुकाट्याने हातात पडत. हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता. तो याच आत्याच्या, अण्णांच्या थोरल्या बहिणीच्या, डोक्यात होता. तिला सगळे अक्का म्हणत आणि तिच्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

अण्णा मला म्हणाले होते, "चीटी धरून बघू. पण तुझं काय ते तूच सांग सगळ्यांना. मला ते नीट सांगता येत नाही."

मी काय कमी तयारी केली? एका रेकॉर्डिंग स्टुडिओत ओळखीच्या ओळखीने जाऊन विचारून आले. जाहिरातीला आवाज दिला तर किती मिळतात, बातम्या वाचल्या तर किती, लग्नाची कॅसेट कापून दिली तर किती. सगळं पाठ केलं. रविवारी आत्याच्या हॉलमध्ये चटईवर मांडी घालून बसले आणि धडाधड म्हणून दाखवलं. वर ठणकावून सांगितलं की एका वर्षात फी वसूल, दुसऱ्या वर्षापासून निव्वळ नफा.

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. मास्तरांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात माझे मामा, आईचे धाकटे भाऊ, पुढे सरकले. ते बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांना कामगारांचे गणवेश शिवून द्यायचे आणि गेले तीन महिने त्यांचा एका ओव्हरलॉक मशीनवर डोळा होता.

"छान आहे," ते म्हणाले. "म्हणजे धंदाच की. मग मी पण बोलतो. दोन हजार कमी घेतो."

विसातले दोन गेले की अठरा उरतात, आणि ते मामांचे. मला चीटी हवी तर अठरा हजारांच्या खाली उतरायला हवं, आणि खाली उतरलं की फी पुरत नाही. माझ्याच तोंडाने मी स्वतःला लिलावात उभं केलं होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

अण्णा सावरायला गेले. "धंदा नाही हो तो. शिक्षण आहे."

"भावोजी, शिक्षण कशाला? कमवायलाच ना?"

"कमवायलाच."

"मग माझं मशीनही कमवतंय. फरक काय?"

बँकेतले एक काका म्हणाले, कमवणार नसेल तर शिकायचं कशाला, त्यापेक्षा कंप्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स बरा. दुसरे म्हणाले, कमवणारच असेल तर बोली लावायला काय हरकत? अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. मापात चुकलेलं ब्लाउज घेऊन बाई दुकानात आली की ते असेच गप्प व्हायचे. फायदा सांगावा तर लिलाव, फायदा नाही म्हणावं तर शिकायचं कशाला. इकडे आड तिकडे विहीर.

अक्का तोवर स्वयंपाकघराच्या दारात बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "स्वल्प थांबा सगळे. पोरी, इकडे बघ. हे शिकलीस की नोकरी नक्की मिळणार का?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण अक्काकडे बघून खोटं बोलणं जमणाऱ्यातलं नव्हतं.

"नक्की कसं सांगू अक्का? काहींना मिळते. काहींना नाही."

"हे जे पैसे म्हणालीस, जाहिरातीचे न् बातम्यांचे, ते तुलाच मिळतील?"

"माहीत नाही."

"तरी करायचंच आहे?"

"हो."

"अण्णा, तुझ्याही मनात आहे?"

अण्णांनी मान हलवली.

"आयतू, झालं," अक्का म्हणाली. "पोरीच्या मनात आहे, बापाच्या मनात आहे, पुढं काय होणार ते देवाला ठाऊक. लग्न याहून वेगळं असतं काय? लग्नात कुणी विचारतं का, वसूल कधी होणार म्हणून? याच्यासमोर कुणी बोलायचं नाही."

मामाच आधी हसले. "सरी अक्का. लग्नासमोर मी कसा बोलू? पण जावई जरा महागडा शोधलाय पोरीनं."

हशा पिकला. पण अक्काचं संपलं नव्हतं. एका मुलीला बिनबोलीची चीटी एकदाच, हाही रिवाजच होता. ही घेतली तर माझ्या खऱ्या लग्नाला अण्णांना इतरांसारखी बोली लावावी लागणार होती. अण्णांनी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत राहिली. आमच्याकडे मुलीच्या जन्मापासून आईबाप त्या एका चीटीकडे डोळे लावून बसलेले असतात, हे मला माहीत होतं.

"चालेल?" अण्णांनी मलाच विचारलं. वीस घरांच्या देखत बापाने मुलीला असं विचारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी "चालेल" म्हणाले, आणि मला रडू आलं. बायकांना वाटलं, लग्न हुकलं म्हणून रडते.

दोन वर्षं मजेत गेली. कॉलेजात कॅमेरा एक आणि आम्ही तीस जण, त्यामुळे कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या स्टँडशी माझी ओळख जास्त झाली. कंप्युटर आला तो शेवटच्या महिन्यात, आणि आल्या आल्या बिघडला. तरीही मी खूश होते, इतकी की आईला शंका यायची. मग जयनगरात, दुकानांच्या गर्दीत, एका जिन्यावरच्या छोट्या स्टुडिओत नोकरी लागली. साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती कापायच्या, आणि वेळ पडली तर त्यांना आवाजही द्यायचा. पगार बाराशे. अण्णांच्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या माणसाला त्याहून जास्त मिळायचे. मी अण्णांना आकडा सांगितला तेव्हा ते थोडा वेळ हसू दाबत होते. मग दोघांनाही हसू आवरेना.

मामा मात्र दर चीटीला मला चिडवायचे. "जावयानं या महिन्यात काय आणलं?" मी म्हणायचे, "जावई अजून उमेदवारी करतोय." हसून बोलायचे, पण आत कुठेतरी टोचायचं. वीस हजार घेऊन बसलेली मुलगी बाराशे आणते, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. चीटीच्या रविवारी मी काहीतरी निमित्त काढून टाळायला लागले.

अशाच एका रविवारी आई हट्टाने घेऊन गेली. अक्काने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला गरज आहे? मामा उठून उभे राहिले. एरवी ते बसूनच बोलायचे. त्यांची मुलगी त्यांच्या मागे होती, पीयूसी, म्हणजे बारावी झालेली, मान खाली घातलेली. तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. बँकेतले काका लगेच म्हणाले, त्यातून मिळकत काय? आणि मिळकत असेल तर मी बोलतो, मला घराचा माळा चढवायचाय.

मामांनी त्यांना उत्तर दिलं नाही. ते माझ्याकडे वळले. नेहमीचं चिडवणं तोंडावर नव्हतं.

"तू सांग सगळ्यांना. तुझे पैसे वसूल झाले?"

इतके दिवस मी याच प्रश्नाला घाबरून होते. आणि मामांकडे बघताना माझ्या ध्यानात आलं की त्यांना कुठलं उत्तर हवंय. वसूल झाले म्हटलं असतं तर त्यांच्या मुलीचा लिलाव तिथल्या तिथे सुरू झाला असता. तो माणूस वीस घरांसमोर उभा राहून माझं अपयश मागत होता, अगदी हात जोडल्यासारखा.

"नाही मामा," मी मोठ्याने म्हणाले. "एक पैसुद्धा नाही. आणि मला परत विचारलंत तर मी परत तेच शिकेन."

बँकेतल्या काकांनी कॉफीचा पेला उचलला आणि तोंडाला लावला. कुणीच बोली लावली नाही. अक्काने वीस हजार मामांपुढे ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत, मागे वळून मुलीच्या हातात दिले.