दाजींनी बसवलेलं किट

आमच्या थोरल्या दाजींना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं घरात ठरूनच गेलंय. का, तर ते शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कॉम्प्युटरसमोर बसतात. उसाची ट्रॉली आली की बटण दाबायचं, पावती निघाली की फाडून द्यायची. संपली विद्वत्ता!

त्या रविवारी चारला माझी नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती. दोन वर्षं घरी बसल्यावर आलेली पहिलीच संधी. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचा आणि उत्तर पाठवायचं. त्यासाठी जावाचं किट बसवायला लागतं. मी सकाळीच बसवणार होते, पण आई म्हणाली, "दाजी येणार हाईत की जेवायला. त्यास्नी बसवू दे. तू कशाला हात घालतीस?"

दाजी आले, चहा प्याले, खुर्चीत ऐसपैस बसले. खिशातनं पेनड्राइव्ह काढून लावला. "किट ह्यातच हाय. नेटची कटकटच न्हाय." मग सेटिंग उघडून किट कुठं आहे त्याचा पत्ता टाकला. मी मागं उभी. पत्ता सरळ पेनड्राइव्हचाच! म्हणजे किट आमच्या डबड्यात उतरलंच नव्हतं. पेनड्राइव्ह लावलेला असेल तोवरच चालणार. अहो, शेंबड्या पोरालाही कळेल हे.

"दाजी, ते आधी आत कॉपी..."

"ए, गप बस की!" आई दारातनं ओरडली. "जावयाला शिकवतीस व्हय?"

दाजी हसून म्हणाले, "शिकशील हळूहळू." असा संताप आला! पण जावयाला उलटं बोलायची आमच्यात पद्धत नाही. म्हटलं, जेवून जरा आडवे झाले की मीच गुपचूप कॉपी करते.

कसले आडवे होतायत! तीन वाट्या पांढरा रस्सा ओरपला आणि मी भांडी घासत होते तेवढ्यात गाडीला किक मारून गेले.

पावणेचारला बसले तर कॉम्प्युटर म्हणतो, असलं काही इथं नाहीच. बघते तर पेनड्राइव्ह गायब. दाजींना फोन लावला.

"पेनड्राइव्ह व्हय? खिशात हाय की माझ्या. पण मी बसवलंय सगळं! तूच कायतरी दाबलं असशील." तोवर ते हातकणंगल्याच्या पुढं गेले होते.

नेटवरनं उतरवायला घेतलं. आमचं नेट म्हणजे रडकं. परीक्षेचा तास संपला तरी किट अर्ध्यावरच होतं. प्रोग्रॅम सगळा लिहून झाला होता, पण चालवताच आला नाही, मग पाठवायला उत्तर कुठलं?

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"न्हाय जमलं."

"एवढं दाजींनी येऊन बसवून दिलं, तरी न्हाय?"

आणि तिनं माझ्यादेखत त्यांना फोन लावला. "वाईट वाटून घेऊ नका हं दाजी. तुम्ही तुमच्याकडनं केलंसा. आमची पोरगीच कमी पडली."

मी शेजारीच उभी होते. मग जाऊन अर्ध्यावर आलेलं किट उतरवणं बंद केलं.