मोमोभोवती पाणी

आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी मोमोची गाडी लागते. परवा तिथे धोतर नेसलेले एक आजोबा आले. पंचाहत्तरीचे तरी असतील. गाडीवाल्या बाईंना म्हणाले, "नात रोज म्हणते, एकदा खाऊन बघा. भाजीचे द्या."

कागदी प्लेट समोर आली, तसं त्यांनी बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि घरी ताटाभोवती फिरवतात तसं प्लेटभोवती फिरवलं.

"सांडलं का आजोबा?" म्हणत बाईंनी लगबगीने फडकं मारलं.

"सांडलं नाही हो. जेवणाआधी आम्ही फिरवतो," असं म्हणून त्यांनी पुन्हा फिरवलं. मग अख्खा मोमो तोंडात टाकला. जीभ भाजली, लाल चटणीने डोळ्यांत पाणी आलं, पण गडी थांबला नाही. "वरून तूप नसतं का हो?" एवढंच विचारलं.

मी शेजारीच उभा होतो, वर्षानुवर्षं खातो तेच बटाटा सँडविच हातात धरून. नवीन काही करायचं तर आधी जुनं सोडावं लागतं, या धास्तीने मी कितीतरी गोष्टींच्या वाटेलाच गेलो नाही. आणि हे गृहस्थ सगळं जुनं बरोबर घेऊन इथवर आले होते, तेही किती सहज!

"आणखी एक प्लेट," आजोबा म्हणाले.

बाईंनी प्लेट ठेवली, फडकं खांद्यावर टाकलं, आणि पाण्याचा फेरा पुरा होईपर्यंत चटणीची वाटी हातात धरून त्या थांबून राहिल्या.