घोटभर शांतता

"मॅडम, मी इतका वाईट शिकवतो का हो?" खुर्चीत बसायच्या आतच डॉ. पाटणकरांनी विचारलं.

त्यांच्या हातात डीनचं पत्र होतं. विद्यार्थिनींचा फीडबॅक खराब आहे, या सेमिस्टरला सुधारला नाही तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. इथे कतारमध्ये, दोह्यात, नोकरी गेली की व्हिसाही जातो, आणि सरांची मुलगी बारावीत होती.

मी युनिव्हर्सिटीच्या टीचिंग सेंटरमध्ये काम करते. प्राध्यापकांच्या वर्गात मागे बसायचं आणि त्यांचं काय चुकतं ते त्यांना राग न येता सांगायचं. यातलं बसणं मला छान जमतं.

सरांचा विषय फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे पाणी, तेल, हवा कशी वाहते याचं शास्त्र. ज्ञान अफाट. पन्नास मिनिटांत त्यांनी एकतीस प्रश्न विचारले आणि एकतिसांची उत्तरं स्वतःच दिली. मुली निवांत बसल्या होत्या.

"अहो, त्या बोलतच नाहीत!"

"सर, तुम्ही त्यांना बोलायला सेकंदभरही देत नाही."

आमच्या कामात याला वेट टाइम म्हणतात. प्रश्न विचारला की किमान सात सेकंद गप्प राहायचं. सरांनी ते मनात मोजायचं ठरवलं, पण ओठ हलायचे. मुलींना वाटलं, सर प्रार्थना करतायत. त्याही अदबीने गप्प राहिल्या.

शेवटी मी वैतागून म्हटलं, "प्रश्न विचारलात की पाण्याचा घोट घ्या. एखादी मुलगी बोलेपर्यंत गिळायचा नाही."

"मॅडम, मी पंचवीस वर्षं शिकवतोय."

"म्हणूनच सांगतेय."

सर चिडले, पण बाटली घेऊन गेले. दोन आठवड्यांत एकदोघी बोलायला लागल्या.

मग डीन वर्ग बघायला आले. मूळचे कॉम्प्युटरचे, प्रेमळ आणि भलते बोलके. आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो.

सरांनी विचारलं, "विहिरीत पाणी पंधरा मीटर खाली आहे. पंप वर जमिनीवर. पाणी चढत नाही. काय कराल?" आणि घोट घेतला.

शांतता. चौथ्या सेकंदाला माझ्या शेजारून आवाज आला, "आणखी मोठा पंप लावा!"

उत्तर साफ चूक होतं. सरांनी गाल फुगवून माझ्याकडे पाहिलं. डीन काही मुलगी नव्हते, त्यामुळे घोट तसाच राहिला.

"नो, डॉक्टर," नूरा नावाची मुलगी उठली. ही दोह्याबाहेरच्या उम्म सलालची, घरची शेती. "बाबांनी हेच केलं. मोठा पंप आणला, तरी पाणी आलं नाही. पंप विहिरीत उतरवला तेव्हा आलं."

"असं का?" डीन म्हणाले.

नूराने फळ्यावर आकृती काढली. वरचा पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दहाएक मीटरवर थकतो. तिच्या आकृतीत दुसरीने चूक काढली, तिसरी तिच्याशी भांडली. सरांनी केव्हा पाणी गिळलं ते मला दिसलंच नाही. डीन तोंडघशी पडले, आता कॉन्ट्रॅक्ट गेलंच, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला काढत होते.

बाहेर आल्यावर डीन म्हणाले, "त्या मुलीने मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं."

"हो," मी म्हटलं.

"माझ्या वर्गात माझी चूक काढायची कुणाची हिंमत झाली नाही. या माणसाने हे जमवलं कसं?"

सरांचं कॉन्ट्रॅक्ट आणखी तीन वर्षांसाठी वाढलं. मुलीची बारावी इथेच झाली.

तेव्हापासून वर्ग बघायला येणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाला मी दारातच सांगते: मागे बसा, आणि उत्तर येत असेल तरी देऊ नका. येत नसेल तर मुळीच देऊ नका.