वायर काढल्यावरही...

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पांढुर्ण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. करणी-बिरणी सगळं खोटं, असंच मुलांना सांगत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... तरी लिहिते.

माझी मोठी बहीण, शीलाताई, सौंसरला शिवणकाम करायची. हृदयाचे ठोके फार कमी पडायचे म्हणून तिला पेसमेकर बसवला होता. शिवताना वाकून वाकून खांदा आखडायचा. त्याच सुमारास गावात एक थेरपीवाला आला – अंगावर पट्ट्या चिकटवून स्नायूंना करंट देणारा. ताईनं त्याला आधीच विचारलं, "भाऊ, माह्या छातीत पेसमेकर आहे जी. चालते का?"

भाऊजी शेजारीच उभे होते. थेरपीवाला म्हणाला, "काही नाही होत बाई. रोज लावून राहिलो मी लोकायले."

करंट वाढवला आणि ताई खुर्चीतच कोसळली. मशीन बंद करायचं सोडून हा तिच्या तोंडावर पाणी मारत बसला. नागपूरला पोचेपर्यंत ती गेली. डॉक्टर म्हणाले, असा करंट पेसमेकरला हृदयाचाच ठोका वाटू शकतो, मग तो गप्प बसतो. ताईचं हृदय तर त्याच्याच भरवशावर होतं.

तक्रार केली. काही झालं नाही. पुढे कळलं, तो आता लोधीखेड्यात तेच दुकान मांडून बसलाय. मी गेले. खरं सांगते, ती मशीन त्याच्या डोक्यात घालायलाच गेले होते.

भरदुपार. तिथल्या एका हॉलमध्ये बायका बसलेल्या. तो स्वतःच्या हातावर पट्ट्या लावून दाखवत होता. मी सरळ पुढे गेले आणि मशीन उचलली. वायरी तुटल्या, पट्ट्या खाली पडल्या. पण त्याची मूठ वळली होती ती उघडेना... वळतच गेली. नखं तळव्यात रुतून रक्त आलं.

"वायर काढा! वायर काढा!" तो ओरडत होता.

वायरी माझ्या हातात लोंबत होत्या.

मग तो माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून हळूच म्हणाला, "बाई, हात सोडा जी."

मला भीती नाही वाटली. बरं वाटलं.

मागच्या उन्हाळ्यात तो माझ्या दारात आला. मूठ तशीच, फडक्यात गुंडाळलेली. नागपूरचे मोठमोठे डॉक्टर झाले होते, कोणालाच दोष सापडला नव्हता.

"मॅडम, तुमच्या ताईले सांगा ना... माफ कर म्हणा."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "ती बोलून राहिली होती तेव्हा तुम्ही ऐकलं नाही. आता तिनं काऊन ऐकावं?"

दार लावून घेतलं.

हे काय होतं, मला आजही उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळत असेल तर जरूर लिहा. फक्त ती मूठ उघडायचा उपाय मात्र सांगू नका.