राबमुक्तीची शपथ

ये बाई, अशी जवळ सरक. समोर असतीस तर कान धरून बसवलं असतं. पुण्यात आहेस म्हणून कागदावरच बोलावते. तुझ्या कॉलेजच्या वहीत तू आपल्या गावाबद्दल लिहिलंस, ते तुझ्या बापानं मला मोबाईलवर दाखवलं. ‘राब जाळण्याच्या अशास्त्रीय प्रथेमुळे परिसंस्थेचा ऱ्हास होत आहे.’ अगं, ज्या राबाच्या भातावर तुला दात आले त्याला तू अशास्त्रीय म्हणतेस? गुण चांगले मिळाले म्हणे. मिळू देत. तुझ्यावर मी थोडीच रागावले आहे. माझा खरा राग त्या शब्दांवर आहे, आणि उरलेला माझ्या स्वतःवर. कारण हे शब्द आपल्या गावात पहिल्यांदा मोठ्यानं वाचले ते मीच.

मी शाळेत गेले न्हाई, हे तुला ठाऊक आहे. वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि तुझ्या बापाची पाटी, एवढीच माझी शाळा. पण गावात काही छापील आलं की ते माझ्याकडं येतं, आणि त्याचा मला लई तोरा. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी शहरातल्या एका संस्थेची माणसं जीप घेऊन आली. शाळेच्या पडवीत सतरंज्या पडल्या, पुस्तिका वाटल्या. गुळगुळीत कागद, डावीकडं शब्द, उजवीकडं त्याचा अर्थ. जैवविविधता, संवर्धन, शाश्वत, अवनत भूमी, कार्बन पदचिन्ह. ‘अवनत भूमी’च्या बाजूला एका उताराचं चित्र होतं. म्हटलं, हा तर आपलाच उतार! सातबाऱ्यावर त्या जमिनीला वरकस लिहिलंय. राबाचा पाला आणि नाचणी-वरई यासाठी राखलेली ती जमीन. पुस्तिकेत मात्र ती बिघडलेली जमीन.

संस्थेचे साहेब गोड बोलायचे. “आजी, शाश्वत म्हणजे आपल्याला पुरून पुढच्या पिढ्यांनाही पुरेल ते.”

“मग आमची ऐनाची झाडं शाश्वतच की,” मी म्हटलं. “माझ्या आजेसासूनं त्यांच्याच फांद्या तोडल्या, सासूनं तोडल्या, मी तोडते. झाडं हायेत तिथंच हायेत.”

“नाही नाही, ते पारंपरिक.”

पारंपरिकला त्यांच्या पुस्तिकेत वेगळं पान होतं. त्यावर जात्याचं चित्र.

तिथंच मी उठून यायला पाहिजे होतं. पण साहेबांनी विचारलं, “गावाची शपथ कोण वाचेल?” आणि साऱ्या माना माझ्याकडं वळल्या. मग काय, पदर सावरला आणि वाचली. ‘आम्ही राब जाळणार नाही. आम्ही हरित जीवनशैलीचा अंगीकार करू.’ टाळ्या पडल्या. त्यांच्यातल्या एका बाईनं माझ्या लुगड्याला गोल बिल्ला टोचला, वर लिहिलेलं: पर्यावरणदूत. मी हरखून गेले, खोटं कशाला सांगू. घरापर्यंत तो बिल्ला मी हातानं झाकला न्हाई, उलट पदर मागं घेतला.

तुझे आजोबा ओट्यावर बसले होते. बिल्ल्याकडं बघून म्हणाले, “कंडक्टर झालीस काय गं? भोरची एस्टी किती वाजता सुटती?”

हसू नकोस. पुढं जे झालं ते हसण्यासारखं न्हाई.

तू लहानपणापासून शहरात, म्हणून राब कसा करतात ते सांगते. फाल्गुनात ऐनावर चढायचं आणि कोयत्यानं फांद्या उतरवायच्या. शेंडा सोडायचा. घरटं असेल ती फांदी सोडायची. हिरडा, आंबा, उंबर यांना हातच लावायचा न्हाई. या फांद्यांच्या मोळ्या म्हणजे कवळ. ते उतारावर वाळवायचं, डोक्यावरनं खाली आणायचं. मग जिथं भाताचं रोप करायचं, त्या वाफ्यावर शेण, त्यावर कवळ, त्यावर झडलेल्या पानांचा पातेरा, त्यावर मातीचा पातळ थर. वारा मंदावला की त्याच्या उलट्या बाजूनं काडी लावायची, म्हणजे आग पळत न्हाई, सावकाश भाजत जाते. माती भाजली की तिच्यातलं गवताचं बी मरतं आणि भाताला वाफा मोकळा मिळतो. मग बी फोकायचं, म्हणजे मुठीनं पसरायचं, आणि पाऊस पडला की वर जे उगवतं ते फक्त आपलं. त्याला आम्ही तरवा म्हणतो. पुस्तिकेत याला एकच ओळ होती: ‘जैवभार उघड्यावर जाळणे’.

भाजायचं न्हाई तर करायचं काय? पुस्तिकेत तेही होतं. वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरा, ऊन स्वतः माती भाजेल. मी आणला, अंथरला, कडेनं दगड ठेवले. धाकटी जाऊ, तुझी लहान आजी, बांधावरनं बघत होती. ती शपथेच्या वेळी सतरंजीवर होती, टाळ्याही वाजवल्या होत्या, आणि घरी येऊन तिनं आपला राब रचला होता.

“आक्का, वाफ्याला रेनकोट घातलास व्हय?”

“तुला वाचता येत न्हाई, तुला काय कळणार,” मी म्हटलं. हे बोललेलं मला आजही टोचतं.

वळवाच्या वाऱ्यात तो कागद फाटला. त्याच्या चिंध्या करवंदीच्या जाळीवर जाऊन अडकल्या, अजून तिथंच आहेत. वेचायला कुठली संस्था आली न्हाई. आणि मी मात्र शपथ घेतलेली बाई, आता काडी कशी लावू? तसंच बी फोकलं. बी साधं न्हवतं गं. आपलं काळ्या कुसळाचं भात, तुझ्या पणजीनं माहेराहून आणलेलं. ते दुकानात मिळत न्हाई, आसपासच्या गावांतही आता कुणाकडं न्हाई. कणगीत होतं तेवढं सगळं मी त्या वाफ्यात घातलं.

उगवलं हिरवंगार. मी आजोबांना दाखवलं, “बघा.” ते खाली बसले, एक काडी उपटली, चोळली, दुसरी उपटली. म्हणाले, “यातलं भात कुठलं, सांग.”

मी वाकून बघितलं, सगळं एकसारखंच. भातासारखंच दिसणारं गवत असतं, पोटरीला, म्हणजे लोंबी धरायला येईस्तोवर नुसत्या नजरेला ओळखू येत न्हाई. आजोबांच्या बोटांनी ओळखलं, निम्म्याहून जास्त तेच होतं. बाकीचं त्याच्याखाली गुदमरून पिवळं पडलेलं.

आजोबा ओरडले न्हाईत. नुसतं म्हणाले, “वाच अजून पुस्तक.” आणि काडी बांधावर टाकून घरी गेले.

लावणीला रोप न्हाई. बांधावर धाकटी आली, डोक्यावर तरव्याच्या मुठ्या. रोप उरलं की शेजारच्या शेतात द्यायचं, ही आपल्याकडची रीतच. पण तिनं आधी तोंड सोडलं. “घ्या पर्यावरणदूत, आमच्या धुराचं रोप. चालतंय न्हवं तुमच्या शपथेला?” मी मान खाली घालून घेतलं. तिचं रोप दुसऱ्या वाणाचं, पण त्यानं घरात भात आलं. आपल्या काळ्या कुसळाची जी वाचलेली रोपं होती ती एका कोपऱ्यात लावली. कापणीला मी एकेक लोंबी निरखून हातानं खुडली. दीड शेर बी निघालं. ते कणगीत न्हाई, डब्यात आहे. या वर्षी त्याचा तरवा नीट झाला तर वाण राहिला, नाहीतर संपला.

आणि आता ऐक. या फाल्गुनात ती माणसं परत आली. आता शपथ न्हाई, ग्रामसभेचा ठराव. ‘राबमुक्त गाव’ म्हणून कुठल्याशा पुरस्काराला नाव द्यायचं. ठराव झाला की उताराच्या ऐनांना ‘संवर्धित’ म्हणून पट्ट्या ठोकायच्या, मग फांदी तोडायची न्हाई. सरपंचांनी कागद माझ्यापुढं केला. “वाचा काकी. मागच्या वेळी लई झ्याक वाचलं होतं.”

मी उभी राहिले. म्हटलं, “मागच्या वेळी वाचलं ते मी परत घेते. वाचताना मला अर्थ कळला न्हवता, नंतर वाफ्यात कळला.” आणि सगळं सांगितलं, चिंध्या, गवत, दीड शेर. स्वतःची फजिती चारचौघांत सांगायला लई जड जातं बाई.

साहेब म्हणाले, “आजी, तुमचं पारंपरिक ज्ञान मोलाचं आहे. आपण त्याचं दस्तऐवजीकरण करू.”

“म्हणजे काय?”

“लिहून ठेवू. फिल्म काढू.”

“आणि राबाची भाजणी?”

“ती बंद करावी लागेल.”

मागनं धाकटी ओरडली, “म्हणजे मयताचा फोटू काढणार व्हय!”

सभा हसली, साहेबही हसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काही ढळलं न्हाई. या लोकांची मला सगळ्यात मोठी चीड याची आहे. भांडलं तर भांडत न्हाईत. आपण बोललो की त्याला एक नाव देतात, वहीत लिहितात, आणि झालं. मी चिडले तर त्याला ‘स्थानिकांचा विरोध’ म्हणतात. आणि आपण सगळी म्हणे ‘हितसंबंधी घटक’.

सरपंच दोन्हीकडून कात्रीत. त्यांनी ठराव पुढच्या सभेवर ढकलला. ती सभा चैत्रात आहे. साहेब जाताना म्हणाले, त्या वेळी ते अहवाल घेऊन येतील, सगळं शास्त्रीय भाषेत. आणि पोरी, त्यात तुझ्या वहीतलं ते वाक्यही असेल, तुझ्या कॉलेजकडनं त्यांच्यापर्यंत पोचलं म्हणे. ‘गावातल्याच विद्यार्थिनीचा अभ्यास’ म्हणून त्यांनी माझ्यापुढं धरलं. मला वाचता येत होतं, म्हणून बसल्या जागी वाचलं. धाकटीनं विचारलं, “काय लिहिलंय?” मी सांगितलं न्हाई.

कवळ मी उतरवून ठेवलंय, उतारावर वाळतंय. बी डब्यात आहे. साहेबांशी बोलायला माझ्याकडं माझे शब्द आहेत, पण ते त्यांचेच शब्द मोजतात, आणि ते तुला येतात. तू लिहिलंस ते तूच सभेत उभं राहून बदललंस तर सरपंचाला ऐकावं लागेल. हे फोनवर व्हायचं न्हाई. भोरला उतर, हिर्डोशीकडं येणारी दुपारची एस्टी चुकवू नकोस. चुकलीच तर आजोबा फाट्यावर थांबतील. परीक्षेचं बघ, पण सभेच्या दोन दिवस आधी ये. आधी माझ्याबरोबर उतारावर चल, एक मोळी डोक्यावर घे, मग बोल. लवकर ये बाई.